रायटर उघडत नाही, सगळी सेटिंग्ज पुसायची आहेत – मदत हवी आहे

शाईपेन: रायटर (लिहायचा प्रोग्रॅम) उघडला की खिडकी अर्धवट येते आणि गायब. अनइन्स्टॉल करून परत टाकला, तरी तेच. वर माझा जुना टूलबार जसाच्या तसा! म्हणजे सेटिंग्ज कुठेतरी दडून बसली आहेत. ती मुळापासून कशी काढायची? उद्या सकाळी मजकूर द्यायचा आहे. 'रीस्टार्ट करून बघा' कृपया नको.

खटपट्या: लिब्रेऑफिसचा रायटर का? विंडोज की लिनक्स?

शाईपेन: लिब्रेच हो, दुसरा कुठला? विंडोज.

ढगवाला: ऑनलाइन लिहा की. मी केव्हाच सोडलं हे इन्स्टॉल प्रकरण.

शाईपेन: नेट गेलं की काय करता?

खटपट्या: अनइन्स्टॉलने प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्जचं फोल्डर) जात नाही, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. विंडोज + आर दाबून %अ‍ॅपडेटा% टाका (इंग्रजीत). तिथे लिब्रेऑफिस, त्यात 4, त्यात यूजर. आवृत्ती 7 असो की 24, फोल्डर 4च. 'यूजर' डिलीट करू नका, नाव बदला. रायटर उघडला की नवा कोरा तयार होतो. त्याआधी घड्याळाशेजारचा क्विकस्टार्टर (लिब्रेऑफिस मागे चालू ठेवणारा आयकॉन) बंद करा, नाहीतर विंडोज नाव बदलू देणार नाही.

जुनं_खोड: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? आवृत्ती 5.3 पासून सेफ मोड (तुमच्या सेटिंग्जशिवाय उघडायची सोय) आहे, स्टार्ट मेनूत सापडेल. आणि खिडकी येऊन जाते म्हणजे मला ग्राफिक्सचा संशय. तिथेच हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (ग्राफिक्स कार्डकडून स्क्रीन रंगवून घेणं) बंद करून बघा. नाहीच जमलं तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं मूळ स्थितीत.

खटपट्या: आणि रीसेटमध्ये 'पूर्ण प्रोफाइल'वर टिक केली की मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या कृती), शब्दकोश सगळं साफ. काय जपायचंय ते धागाकर्त्यांनी सांगितलेलंच नाही.

शाईपेन: थांबा, ऑटोकरेक्ट पण जाईल?? 'संद' टाकलं की 'संदर्भसूची', अशी ढीगभर लघुरूपं आहेत त्यात!

जुनं_खोड: हे आधी सांगायचं ना राव.

खटपट्या: म्हणूनच नाव बदला म्हटलं. रायटर एकदा उघडून बंद करा. मग जुन्या यूजरमधले 'ऑटोकॉर' (ऑटोकरेक्ट) आणि 'वर्डबुक' (शब्दकोश) हे फोल्डर तेवढे नव्यात टाका. मराठीची लघुरूपं 'एकॉर_एमआर-आयएन.डॅट'मध्ये असतात. 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स.एक्ससीयू'ला मात्र हात लावू नका. बाकी बहुतेक सेटिंग्ज त्याच फायलीत, आणि घाणही बहुधा तिथेच.

अनुस्वार: मराठी फॉन्ट नीट लागत नसेल तर टूल्स > ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करा.

ढगवाला: फॉन्टचं कोणी विचारलं?

अनुस्वार: पुढे कुणाला लागेल म्हणून लिहिलं.

शाईपेन: उघडला! 'संद' चालतंय. पण टूलबार गेला की.

जुनं_खोड: आधी तो राहिला म्हणून तक्रार होती ना?

खटपट्या: तो 'कॉन्फिग'मधल्या 'सॉफिस.सीएफजी'त असतो. पण बिघाड तिथला असेल तर परत येईल. मी असतो तर बटणं हातानेच मांडली असती.

शाईपेन: उद्या दुपारनंतर बघतो. मॅक्रो कुठल्या फोल्डरमध्ये?

खटपट्या: 'बेसिक'. अजून काही राहिलंय का सांगायचं?