पायथनमधून फाइल वाचणं-लिहिणं: सीमाभागातले अनुभव सांगा

पतसंस्था, डेअरी, वखार, कारखाना, कुठंही पायथन या प्रोग्रामिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून फाइल हाताळली असेल तर इथं टाका. आपल्याकडं एकाच यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही असतं, तसले किस्से आधी येऊ देत. सुरुवात मीच करतो.

बेळगावात एका पतसंस्थेची सभासद यादी माझ्याकडं असते, यूटीएफ-८ मध्ये साठवलेली (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक, त्यातली अक्षरं बाइटमध्ये साठवायची ही पद्धत). विंडोजवर नुसतं ओपन म्हटलं की पायथन बहुधा जुनं १२५२ कोडपेज धरतो, म्हणजे बाइटवरून अक्षर ठरवायचा इंग्रजी-युरोपीय तक्ता. मग गंमत बघा. पाटील, हलगेकर ही नावं एकेकटी दिली तर किडामिडकी होऊन का होईना, आत येतात. मुतगेकर दिलं की एरर! देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ८१, आणि १२५२ मध्ये त्या जागी काहीच नाही. हलन्ताचा ८डी, त्याचंही तेच, म्हणून शिर्केही अडतात. एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं की सगळे मुकाट आत. कन्नडला वेगळं काही लागत नाही.

खानापूर, दूध संकलन
आमच्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही. रोजच्या नोंदी 'ए' मोडनं जोडतो, कारण 'डब्ल्यू'नं फाइल उघडताक्षणी कोरी होते, एक अक्षर लिहायच्या आधीच. प्रत्येक नोंदीनंतर फ्लश आणि एफसिंक, म्हणजे नोंद लगेच डिस्कवर जाते. दर बदलला की अख्खी फाइल नव्यानं लिहावी लागते. ती शेजारी तात्पुरत्या नावानं पूर्ण लिहायची, तिलाही फ्लश-एफसिंक करून बंद करायची आणि मगच ओएस डॉट रिप्लेसनं जुनीच्या जागी बसवायची. मधेच अंधार झाला तरी जुनी शाबूत.

निपाणी, तंबाखू वखार
मालकांना सगळं एक्सेलमध्येच हवं. सीएसव्हीत (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाइल) ओळीआड ओळ रिकामी येत असेल तर ओपनमध्ये न्यूलाइन रिकामी स्ट्रिंग द्या. मराठी नावं विचित्र दिसत असतील तर एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, त्यानं एक्सेलला ओळखायला फाइलच्या सुरुवातीला खूण पडते. बाकी तक्रार नाही.

चिकोडी
उसाच्या वजनपावत्यांवर कोणी १२ लिहितो, कोणी इंग्रजी आकडे, कोणी कन्नड. बदलून घ्यायला मी मोठा तक्ता करणार होतो. गरजच नाही की! इंट (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) या तिन्ही लिप्यांतले आकडे थेट वाचतो, एकाच संख्येत मिसळले तरी. दशांशासाठीचं फ्लोटही.

अथणी
नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप केलेल्या जुन्या कन्नड फाइली यूटीएफ-८ लिहून सुधारत नाहीत हो. अक्षरं फाँटपुरती असतात, आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट कराव्या लागतात.

परत बेळगाव, धागाकर्ता
आणि एक. नुसतं सॉर्ट केलं की देवनागरी नावं सगळी वर, कन्नड सगळी खाली. युनिकोडमध्ये देवनागरी ०९०० पासून, कन्नड ०सी८० पासून, म्हणून. वार्षिक सभेत यादी वाचायची असेल तर सभासद क्रमांकानं लावा, नाहीतर भर सभेत युनिकोड समजावत बसाल.