चर्चा: इंजिन, रनटाइम, व्हर्च्युअल मशीन – हा फरक शिकवायलाच हवा का?

सातपूरकर:
नाशिकमध्ये मुलाखतीला येणारी पोरं बिनधास्त सांगतात, "नोड म्हणजे जावास्क्रिप्टची व्हर्च्युअल मशीन." माझ्या मते हे खपवून घेऊ नये. नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम; व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे काल्पनिक प्रोसेसरच्या सूचना चालवणारा प्रोग्राम. नोडच्या आतलं व्ही८ हे इंजिन. कोड पार्स करायचा, बाइटकोड (मधल्या टप्प्याच्या सूचना) बनवायचा, वारंवार चालणारी फंक्शन्स मशीन कोडमध्ये उतरवायची, हीप (प्रोग्रामच्या डेटाची मेमरी) साफ ठेवायची. त्याचं काम एवढंच. फाइल उघडणं, सॉकेटवर ऐकणं, अगदी सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने काम सुरू करणं) सुद्धा त्याच्या हातात नाही. ते ब्राउझर देतो, नाहीतर नोड देतो. व्ही८, लिबयूव्ही (फाइल-नेटवर्कची कामं सांभाळणारी लायब्ररी) आणि नोडची स्वतःची लायब्ररी असं सगळं मिळून रनटाइम होतो.

गोदाकाठ:
शब्दांचा कीस पाडताय. व्ही८मध्ये 2017पासून इग्निशन नावाचा बाइटकोड इंटरप्रिटर मुख्य वाटेवर आहे. त्याची रचना रजिस्टरवर, जावाच्या व्हीएमची म्हणजे जेव्हीएमची स्टॅकवर, एवढाच काय तो फरक. काल्पनिक प्रोसेसरच्या सूचना चालवतो ना, मग व्ही८ ही व्हीएम का नाही? सीपायथॉनमध्ये (पायथॉनची मूळ अंमलबजावणी) तर कंपायलर, बाइटकोड, कचरा (न लागणारी मेमरी) गोळा करणारा आणि लायब्ररी एकाच पॅकेजात येतात. गो भाषा घ्या: व्हीएम अजिबात नाही, तरी गोरूटीनचा (हलक्या समांतर कामांचा) शेड्युलर घेऊन रनटाइम प्रत्येक बायनरीत बसलेला. रेघ कुठे मारणार?

सातपूरकर:
व्ही८ ही व्हीएमसुद्धा आहे, कबूल. पण "हे कोण पुरवतं?" हा प्रश्न त्याने सुटत नाही. समजा लासलगावच्या कांद्याचे भाव दाखवणारी सेवा नोडवर आहे. लिलाव सुरू झाला की एकदम लॉगिन वाढतात, पासवर्ड पीबीकेडीएफ2 या मुद्दाम जड केलेल्या पद्धतीने तपासला जातो. सोळा कोअरच्या सर्व्हरवर चारच कोअर तापलेले, बाकीचे निवांत, आणि साधी फाइल वाचायलाही वेळ लागतोय. कारण असिंक (पार्श्वभूमीत चालणारं) क्रिप्टो, फाइलची कामं आणि डीएनएस लुकअप लिबयूव्हीच्या एकाच थ्रेडपूलमधून (कामकरी थ्रेडच्या गटातून) जातात, आणि त्यात मुळात चारच थ्रेड असतात. इथे लोक हीपची मर्यादा वाढवत बसतात. तो व्ही८चा फ्लॅग, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. प्रोसेस सुरू करण्याआधी यूव्ही_थ्रेडपूल_साइझ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 16 करा.

अंबड_लिंक_रोड:
जावावाल्यांचंही दुखणं असंच. 64 जीबीच्या यजमानावर (मूळ सर्व्हरवर) 2 जीबी मेमरीची मर्यादा घातलेला कंटेनर, म्हणजे प्रोग्रामसाठीचा वेगळा कप्पा, आत जावा 8चं 191च्या आधीचं अपडेट. ती जेव्हीएम कंटेनरची मर्यादा बघतच नाही. यजमानाच्या मेमरीचा चौथा हिस्सा, म्हणजे 16 जीबी हीप आपली समजते. मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोसेस मारतो, एक्झिट कोड 137 (म्हणजे जबरदस्तीने मारलेली), आणि लॉगमध्ये आउटऑफमेमरीएररचा पत्ता नाही. लोक कोडमध्ये गळती शोधत बसतात. 191पासून आणि जावा 10मध्ये मर्यादा कळते, पण आता हीप 512 एमबीच मिळते. मॅक्सरॅमपर्सेंटेज, म्हणजे हीपला मेमरीचे किती टक्के द्यायचे ते, 70च्या आसपास ठेवा. 95 केलंत तर पुन्हा तेच, कारण मेटास्पेस (क्लासची माहिती), थ्रेडचे स्टॅक, कोड कॅश आणि डायरेक्ट बफर हीपच्या बाहेर असतात.

गोदाकाठ:
दोन्ही उदाहरणं चोख. पण यात व्याख्या कुठे लागली? थ्रेडपूल माहीत हवा, मेमरीचे कप्पे माहीत हवेत. पोरांना 137 दाखवा, नावं नंतर कळतील. पाठ केलेली व्याख्या सर्व्हर बसल्यावर कुणाला आठवते?

सातपूरकर:
पाठ करू नका म्हणतोय मीही. पण कप्प्यांना नावं नसतील तर दुरुस्ती शोधायची कुठल्या दस्तऐवजात? नोड 18वरून 20वर गेल्यावर जुनं सी++ मॉड्यूल लोड होत नाही, एरर सांगतो की मॉड्यूल 108 या अंतर्गत आवृत्तीक्रमांकासाठी बांधलंय, 115 हवंय. जावास्क्रिप्टची एक ओळही बदललेली नसते. व्ही८ बदललं, त्यामुळे त्याला थेट चिकटलेलं मॉड्यूल निकामी झालं. मॉड्यूल नव्याने बांधणारं एनपीएम रीबिल्ड चालवा. नोड-एपीआयवर लिहिलेल्या मॉड्यूलला ही कटकट नाही, कारण ते इंजिनशी नव्हे, रनटाइमशी बोलतं.

गोदाकाठ:
हे मात्र मान्य. तरी अभ्यासक्रमात ते एररच्या धड्यातच घाला, पहिल्या तासाला फळ्यावर नको.