लेकीला तापात झटका येऊन गेला, ती बरी आहे पण माझीच झोप उडाली

मानेवाड्याची_आई

नमस्कार, नागपूरचीच आहे मी, मानेवाडा साइडला राहतो. मुलगी दीड वर्षाची. मागच्या आठवड्यात तिला सर्दी होती, नाक वाहत होतं, बाकी काहीच नाही, दिवसभर खेळली, वरणभात खाल्ला. रात्री अंग जरा गरम लागलं म्हणून मी औषध घ्यायला उठले आणि तेवढ्यात तिचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि हातपाय झटकायला लागले, तोंडातून फेस, ओठ निळे. पायात चांदीचे वाळे आहेत तिच्या, ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटून वाजून राहिले होते. मी नाव घेऊन हाका मारतेय आणि ती माझ्याकडे बघतच नाही. मला वाटलं गेली माझी पोर.

बाहेर झड लागलेली, ऑटो कुठून मिळणार. शेजारपाजारचे जमले, कोणी म्हणे कांदा फोडून नाकाला लावा, कोणी म्हणे दातात चमचा घाला, शेवटी खालच्या भाऊंनी गाडी काढली. रस्त्यातच झटके थांबले पण मग ती इतकी गळून गेली की हाक मारली तरी डोळे उघडेना. दवाखान्यात ताप १०३ निघाला. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं की व्हायरल ताप आहे, त्यातून झटका आला, रात्रभर ठेवून घेतो, मेंदूच्या ईईजी-एमआरआय तपासण्या काही लागणार नाहीत. सकाळी उठून बाईसाहेब बिस्किट मागत होत्या.

ती ठणठणीत आहे, प्रश्न माझा आहे. रात्री दर तासाला उठून तिच्या कपाळाला हात लावते, थर्मामीटर उशीखाली घेऊन झोपते, झोपेत तिने पाय हलवला आणि वाळे वाजले की धडधडायला लागतं. वाळे काढूनच ठेवले शेवटी. मिस्टर म्हणतात झालं ना आता, विसर. कसं विसरू? त्यात नात्यातल्या एकीने मिरगी आहे म्हणून सगळ्या खानदानात फोन केले. सोमवारपासून मला ऑफिस जॉइन करायचं आहे, तिला पाळणाघरात सोडायची हिंमतच होत नाही. कोणाच्या मुलाला असं झालं आहे का, तुम्ही त्यातून कसे बाहेर आलात, कृपया सांगा.

नंदनवनचा_बाबा

ताई, वाचता वाचता अंगावर काटा आला कारण आमच्या पोराचंही डिट्टो हेच, तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता, आता दुसरीत आहे आणि सायकल घेऊन पूर्ण नंदनवन पालथं घालतो. त्याला नंतर अजून एकदा आला होता, खोटं कशाला सांगू, पण दुसऱ्या वेळी आम्हाला काय करायचं ते माहीत होतं त्यामुळे तो प्रसंगच वेगळा झाला. मी घड्याळाकडे बघत बसलो, बायकोने त्याला कुशीवर वळवलं, दोन मिनिटांच्या आत थांबला.

मिस्टरांना विसरायला जमलं असं समजू नका. मी पण बायकोला हेच म्हणायचो आणि स्वतः गच्चीवर जाऊन रडायचो. आम्ही दोघं नीट बोललो ते कितीतरी दिवसांनी, आणि बोलल्यावर रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या, मुलाला ताप असेल तेव्हा अर्धी रात्र ती, अर्धी रात्र मी. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत जाऊन खरंच झोपायचं. आणि ताप नसेल त्या रात्री थर्मामीटर कपाटात, हा नियम. सुरुवातीला हात शिवशिवतो पण पाळा.

मिरगीवाल्या नातेवाईकांना उत्तर देत बसू नका. एक विचारा मात्र घरात, मिस्टरांना किंवा तुम्हाला लहानपणी असं झालं होतं का. हे खानदानात चालत येतं बरेचदा.

सिस्टर_ताई

मी लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडं सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

६ महिने ते ५ वर्षं या वयात १०० तल्या २ ते ५ मुलांना तापात असा झटका येतो, म्हणजे तुमच्या पाळणाघरवाल्यांनीही कदाचित पाहिला असेल. एकदा आला तर साधारण तिनातल्या एका मुलाला पुन्हा कधीतरी येतो, आणि पुढे मिरगी होण्याचं प्रमाण खूप कमी आहे, साध्या झटक्यात जवळजवळ इतर मुलांइतकंच. मेंदूला इजा होत नाही, बुद्धीवर परिणाम होत नाही. साधा म्हणजे पूर्ण अंगाला आलेला, १५ मिनिटांच्या आत थांबलेला, २४ तासांत एकदाच. डॉक्टरांनी एमआरआय नको म्हटलं ते बरोबरच आहे.

आता रात्री दर तासाला उठण्याबद्दल. झटका पुष्कळदा ताप चढतानाच येतो, कित्येक घरांत आधी झटका येतो आणि मग कळतं की ताप आहे. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, झटका टळतोच असं नाही. म्हणजे तुम्ही रात्रभर पहारा दिला म्हणून तो अडणार नाही आणि तुम्ही झोपलात म्हणून तो येणार नाही. हे मी पालकांना मुद्दाम सांगते कारण आईच्या डोक्यातून ते ओझं उतरणं फार गरजेचं असतं.

पुन्हा आलाच तर: खाली सपाट जागी कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा, जमलं तर कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवण्यात जो वेळ जातो तो फुकट. हातपाय दाबून धरायचे नाहीत, गार पाण्याने आंघोळ घालायची नाही. ५ मिनिटांत थांबला नाही, लगेच दुसरा आला, श्वास नीट वाटत नाही किंवा थांबल्यावर पोर बराच वेळ शुद्धीवर येत नाही तर १०८ ला फोन करा किंवा सरळ निघा. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी दाखवायचंच, तुम्ही नेलं ते योग्यच केलं. मान आखडणं, सारख्या उलट्या, अंगावर लालजांभळे ठिपके दिसले तर अजिबात थांबू नका.

डॉक्टरांना नाकात मारायच्या मिडाझोलामच्या स्प्रेबद्दल विचारा. तो ५ मिनिटांवर झटका गेला तर वापरायचा असतो, किती पफ ते वजनावर ठरतं, त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. आणि अजून एक, तापाच्या औषधाचे थेंब आणि सिरप यात फार फरक असतो. थेंबात १ मिलीला १०० मिलिग्रॅम, सिरप कोणतं ५ मिलीला १२० चं तर कोणतं २५० चं. म्हणजे एकाचं माप दुसऱ्याला लावलं तर डोस पार चुकतो. बाटली दाखवूनच मिली लिहून घ्या.

महालची_आजी

सूनबाई, माझ्या धाकट्याला व्हायचं हे. तेव्हा फोन नव्हता, सायकलरिक्षात घालून मेयो हॉस्पिटलात नेला होता. आज तो दोन पोट्ट्यांचा बाप आहे. तू आधी वेळेवर जेव आणि दुपारी तिच्यासोबत तासभर पडत जा. आणि लेकराचे वाळे परत घाल पायात, पाय सुने दिसतात.

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे खूप आभार, रडून रडून वाचलं. दादा, तुम्ही म्हणालात म्हणून सासूबाईंना विचारलं तर त्या शांतपणे म्हणतात, हो, ह्याला दोनदा आला होता, साडेतीन-चार वर्षांचा होईपर्यंत, मग बंद झाला! मिस्टरांनाच माहीत नव्हतं. ते ऐकून ते एकदम गप्प बसले आणि मग रात्री पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो.

सिस्टर ताई, एक विचारायचं होतं. तिचा दीड वर्षाचा डोस बाकी आहे. लसीने ताप येतो ना, मग पुढे ढकलू का? आणि पाळणाघरात कसं सांगू?

सिस्टर_ताई

डोस टाळू नका. डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरचा ताप बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांत येतो, गोवर-रुबेलाच्या लसीचा मात्र आठवड्या-दीड आठवड्याने येऊ शकतो, तेव्हा ते दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा म्हणजे तुम्ही गाफील राहणार नाही. गोवर झाला तर ताप याहून कितीतरी जास्त येतो. देण्याआधी डॉक्टरांना झटक्याचं सांगा एवढंच.

पाळणाघरात तोंडी सांगून सोडू नका. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: कुशीवर वळवा, तोंडात काही नाही, वेळ बघा, ५ मिनिटांवर गेलं तर १०८ आणि मग आम्हाला फोन. खाली तिचं वजन, दोघांचे नंबर, जवळचा दवाखाना. मानेवाड्याहून मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) जवळ पडेल, पण तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे रात्रीची काय सोय आहे ते आजच विचारून ठेवा. मग तिथल्या ताईंना बाहुली घेऊन कुशीवर कसं वळवायचं ते दाखवा, त्यांच्याकडून करूनही घ्या. स्प्रे मिळाला तर एक त्यांच्याकडे, एक्स्पायरी बघून. उन्हाळ्यात बॅग गाडीत ठेवून जाऊ नका, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत बंद गाडीत औषध खराब होतं.

महिनाभराने पण झोप लागली नाही, छाती धडधडणं कमी झालं नाही तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. मुलाच्या आजारानंतर आईबापाला असं होतं आणि त्यावर उपचार आहेत.

मानेवाड्याची_आई

कागद लिहिला ताई, दोन कॉप्या काढल्या, एक फ्रिजवर लावली. सोमवारी सोडायला मिस्टर पण सोबत येतात म्हणाले, पाळणाघरच्या ताईंना तेच दाखवणार आहेत. डॉक्टरांची शनिवारची अपॉइंटमेंट मिळाली, स्प्रेचं विचारून इथेच सांगते.