कोलंबोने पुरावा शोधला की करवून घेतला?

रविवारचा_खून:
‘कोलंबो’ या पोलीस डिटेक्टिव्हच्या अमेरिकन टीव्ही मालिकेतला ‘ट्रबल्ड वॉटर्स’ (१९७५) हा भाग काल पुन्हा पाहिला. खुनी सुरुवातीलाच दाखवतात, तेव्हा रहस्य फोडल्याबद्दल शिव्या नकोत. मेक्सिकोकडे निघालेलं आलिशान जहाज. मोटारविक्रेता डांझिगर (रॉबर्ट वॉन) हृदयविकाराचं नाटक करून जहाजावरच्या दवाखान्यात भरती होतो, नर्सची नजर चुकवून निसटतो, ब्लॅकमेल करणाऱ्या गायिकेला गोळी घालतो आणि परत बिछान्यात. आळ पियानोवाल्यावर. इथवर झकास! पण शेवटी कोलंबो ‘खुन्याचे हातमोजे मिळाले की केस पक्की’ असं त्याच्या कानावर घालतो आणि हा शहाणा दुसरे मोजे आणून पेरून ठेवतो. मोज्यांच्या आत त्याच्याच बोटांचे ठसे. मिनिटामिनिटाचा हिशेब करणारा माणूस एवढा गाढवपणा करेल? पटत नाही.

पाटीपेन्सिल:
मला तर तिथेच पटतं. असल्या माणसाला काम अर्धवट राहिलेलं सोसत नाही. आणि ‘करवून घेतला’ कसं म्हणता? निरपराध माणसाने मोजे पेरलेच नसते. विषय संपला.

रविवारचा_खून:
संपला कसा? कोर्टात वकील म्हणेल, कल्पना पोलिसाची होती. खरा धागा उशीतल्या पिसाचा. दवाखान्यातल्या उशा फोमच्या, मग तिथे पीस आलं कुठून? बंदुकीचा आवाज दाबायला उशी वापरली होती, तिचंच ते. यावरच पकडायला हवा होता.

पाटीपेन्सिल:
पिसावर फाशी देता का राव? पीस कुणाच्याही बुटाला चिकटून येईल. कोलंबो सुट्टीवर, समुद्रात, हाताशी प्रयोगशाळा नाही. पेन्सिलीच्या शिशाची पूड करून ठसे घेतोय बिचारा! त्याने अजून काय करायचं होतं?

माजी_स्टुअर्ड:
अकरा वर्षं क्रूझवर होतो म्हणून सांगतो. डांझिगर स्टुअर्डच्या वेशात फिरतो ना, ते शंभर टक्के खरं. पाहुणे आमच्या हातातल्या ट्रेकडे बघतात, चेहऱ्याकडे नाही. एका बाईंना आठवडाभर सकाळचा चहा दिला, बंदरावर साध्या शर्टात भेटलो तर ओळखही दाखवली नाही. दवाखान्यातून निसटणं मात्र मला अवघड वाटतं. तिथून बाहेर पडलात की कॉरिडॉरमध्ये कोणी ना कोणी भेटतंच.

तारकर्लीकर:
मूळ विषय सोडून एक. कोलंबो जहाजाला ‘बोट’ म्हणतो म्हणून कॅप्टन त्याला सुधारतो. आमची आजी मुंबईहून गोव्याला ‘बोटीनेच’ जायची, आणि कोलंबोला त्या भागात जहाजावर जे मळमळतं त्यालाही ती ‘बोट लागली’च म्हणाली असती. कॅप्टनने तिला सुधारून दाखवायचं होतं.

रविवारचा_खून:
😄 बोटीवर बोटांचे ठसे, हे फक्त मराठीतच जमतं. तरी मोज्यांचं माझं मत तेच. @पाटीपेन्सिल, तुम्ही डांझिगर असता तर पेरले असते का मोजे?

पाटीपेन्सिल:
कोलंबो रोज चार वेळा ‘आणखी एकच विचारायचं होतं’ म्हणत माझ्या खाटेशी आला असता, तर दुसऱ्या दिवशीच पेरले असते!