मदत हवी आहे: अप्पांच्या खो-खो संघाचा जुना फोटो

नमस्कार मंडळी. आमचे अप्पा मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले. परभणीत चाळीस वर्षं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान चालवलं. राजदूत, लुना नुसत्या आवाजावरून ओळखायचे. प्लग काढला की आधी त्यावरची काजळी बघायचे, मग पॉलिश पेपरनं घासून, फुंकर मारून परत बसवायचे. शाळकरी पोरांकडून पैसे कधी घेतले नाहीत. दुपारी मात्र शटर अर्धं ओढून घरी, आईसोबत जेवायला.

दहाव्याला त्यांच्या जुन्या मित्रानं सांगितलं, १९८३-८४ च्या सुमारास अप्पा मराठवाडा विद्यापीठाच्या खो-खो संघात होते (१९९४ च्या नामविस्ताराच्या आधीची गोष्ट). खांबावर सूर मारून गडी बाद करायचे म्हणे. कोपराजवळचा तो व्रण सायलेन्सरचा चटका असेल असंच आम्ही समजत होतो. आईलासुद्धा हे एवढं माहीत नव्हतं.

परभणी, धाराशिव, संभाजीनगरकडच्या त्या काळच्या खेळाडूंपैकी कुणाकडे संघाचा फोटो आहे का? मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल. संघाची जुनी यादी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मिळते का, अर्ज कसा करायचा? वर्षश्राद्धाच्या आत आईच्या हातात तो फोटो द्यायचा आहे.