भाकड गाईला गिऱ्हाईकच नाही, काय करावं?

माणदेशी_गडी: राम राम मंडळी. चार एचएफ (होल्स्टीन, दुधाची विलायती जात) गाई आहेत, त्यातल्या दोन आटल्यात. रविवारी एक सांगोल्याच्या बाजारात नेली, टेम्पोभाडं खिशातनं गेलं आणि व्यापाऱ्यानं रुमालाखाली बोटं दाबून जो भाव सांगितला तो ऐकून गाय तशीच परत आणली. आता नुसती बांधून पेंड घालणं परवडत नाय. कुणी मार्ग काढलाय का?

जुना_दूधवाला: गाय कापायला 1976 च्या कायद्यातच बंदी होती, 2015 ला बैल पण त्यात आले. म्हातारं जनावर घेणार कोण मग? व्यापारी गाभण नि दुभतीच बघतो.

गोठा_आणि_मी: दादा आधी डॉक्टरला बोलवून गाभण तपासा. तीन-चार महिन्यांची असली तर आत्ता विकू नका, गाभणपणाच्या 280 दिवसांचा हिशोब लावा आणि कास सुटायला लागली की बाजार दाखवा, तीच गाय, भाव वेगळाच.

माणदेशी_गडी: एक गाभण निघाली! दुसरी सारखी उलटतेय, भरवली तरी गाभण राहत नाय.

गोठा_आणि_मी: तिला मिनरल मिक्श्चर चालू करा, गर्भाशय तपासून घ्या. पेंड कमी करायची तर मक्याचा मुरघास (हिरवा चारा कापून हवाबंद मुरवलेला) करा, दीड महिन्यात तयार होतो, पण नीट दाबा, हवा राहिली की बुरशी (आमची एक बॅग अशीच उकिरड्यावर गेली). आणि पुढच्या वेळी सेक्स्ड सीमेन (बहुतेक कालवडच होते असं वीर्य) भरा, गोऱ्हा झाला तर त्याला फुकट पण कोण नेत नाय.

जुना_दूधवाला: आणि बाजाराला नेताना कानात ओळख नंबराचा बिल्ला आहे का बघा, नायतर परत हेलपाटा.