अनुभव धागा: मध्यवस्तीत चालताना

धागाकर्ती, पुणे
11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पुण्यात पादचारी दिन झाला. आईला मुद्दाम घेऊन गेले. स्वतःच्या लग्नाच्या बस्त्यापासून ती या रस्त्यावर खरेदी करते, पण दुकानांच्या वरचे जुने सज्जे तिने त्या दिवशी उभं राहून निवांत पाहिले. एरवी सगळं लक्ष अंगावर येणाऱ्या दुचाकींकडे.

माझं मत स्पष्ट आहे. रस्ता मोकळा आहे की तुंबलाय हे आपण गाड्यांवरून ठरवतो, तिथून किती माणसं गेली हे मोजतच नाही. पेठांमध्ये रस्ते रुंद होणार नाहीत, मग आहे ती जागा आधी कुणाला द्यायची? तुमच्या शहरातला अनुभव लिहा. वाहनचालकांनीही लिहा, ती बाजूही हवी.

कापड दुकानदार, पुणे
गाड्या बंद म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, कारण लग्नसराईचं गिऱ्हाईक पिशव्या घेऊन लांब चालत नाही. पण पादचारी दिनाला जे दिसलं तेही सांगतो. लोक रमतगमत येत होते, काचेतला माल बघून आत शिरत होते. आणि एरवी दुकानापुढे ज्या दुचाकींची रांग असते, त्यातल्या बऱ्याच गिऱ्हाइकांच्या नसतातच. आमच्याच ओळीतल्या दुकानांत काम करणाऱ्यांच्या असतात, सकाळी लावल्या की रात्रीच हलतात. त्यांची सोय दुसरीकडे झाली तर निम्मा तंटा मिटेल. माल उतरवायला मात्र टेम्पो दारापर्यंत यायलाच हवा.

निवृत्त शिक्षिका, दादर
सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. 18 मीटरचा रस्ता म्हणजे 15 सेकंद. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझा वेग 0.8 च्या पुढे जात नाही, मला 22-23 सेकंद लागतात. म्हणजे मी मध्यावर थोडी पुढे गेले की हिरवा माणूस लुकलुकायला लागतो आणि पलीकडचे हॉर्न सुरू होतात. दुभाजकात उभं राहायला पुरेशी जागा ठेवा, एवढंच मागणं आहे. स्कायवॉकचा सल्ला कृपया देऊ नका. रस्ता ओलांडायला मी दोन जिने का चढायचे? फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींची ओवरी आहे. भर पावसात तिथून कोरडं चालता येतं. चालणाऱ्याचा विचार इमारत बांधतानाच केला होता.

बसचालक
आमची बाजू. पदपथ गाड्यांनी आणि पथाऱ्यांनी भरला की लोक रस्त्यावर उतरतात आणि बसच्या डाव्या चाकाजवळून चालतात. ती जागा मला आरशात नीट दिसत नाही. गर्दीच्या वेळी पूर्ण मार्गभर जीव मुठीत असतो. तेव्हा पदपथ मोकळा असणं आमच्याही भल्याचं आहे. पण रस्ता ‘फक्त चालणाऱ्यांसाठी’ करताना बसलाही बाहेर काढतात, ते चुकतं. दोन मोटारींच्या जागेत मी पन्नास-साठ माणसं आणतो. ती सगळी उतरल्यावर चालणारीच असतात.

व्हीलचेअरवरून फिरणारा, पुणे
जंगली महाराज रस्त्याचे नवे पदपथ झाले तेव्हा मी बऱ्याच काळाने तिथे एकटा फिरलो. रुंद, सलग, बसायला बाक. अशी कामं आणखी व्हावीत. पण इतरत्र दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी खांब रोवतात, ते इतके जवळ की माझी खुर्चीही अडकते. दुचाकीवाला पुढच्या फाटकाच्या उतारावरून वर चढतोच, मी मात्र खाली राहतो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमावलीत चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. त्यात विजेचा डीपी बॉक्स, झाड, फलक धरायचे नाहीत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मी तो निकाल मोबाइलवर ठेवलाय, वॉर्डाच्या बैठकीत वाचून दाखवतो.

म्युनिकहून
इथली काउफिंगरश्ट्रासे ही मध्यवस्तीतली बाजारपेठ 1972 च्या ऑलिंपिकच्या आधी गाड्यांना बंद झाली. त्याच वर्षी तिच्याखालून लोकल रेल्वे सुरू झाली, हे महत्त्वाचं. माणसं आणायची सोय आधी, मग बंदी. मालाच्या गाड्या सकाळी येऊन जातात. आता मंडई आणि कसबा पेठेत मेट्रो आली आहे, मग हा विचार पुण्यात का होऊ नये?

धागाकर्ती
दुकानदारकाका, सकाळी दहाच्या आत माल उतरवणं जमेल का? आणि पेठेत राहणाऱ्यांनी सांगा, रुग्णवाहिकेचं काय?

नारायण पेठकर
सासऱ्यांना रात्री छातीत दुखलं तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी अडली होती, दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारींमुळे. स्ट्रेचर आम्ही चालत नेलं. गाड्यांना बंद असलेल्या रस्त्यावर ती सरळ आत आली असती.

कापड दुकानदार
दहा जमेल. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस सोडून.